गाई घरी येईपर्यंत

डिचोलीच्या बसस्टँडमागे, औषधांच्या दुकानावर
माझी एक खोली आहे. साडेचार ते सहा.
आधी मी मराठी शाळेत होते. मग शाळेत
मुलांपेक्षा खिडक्या जास्त झाल्या.
आता मी लोकांना विमानात बसण्यापुरते इंग्रजी शिकवते.

सगळे स्विंडनला जाणारे.
आजोबांचा जन्म पोर्तुगीज वहीत सापडला, म्हणून पासपोर्ट लिस्बनचा,
काम इंग्रजांच्या गोदामात,
आणि व्याकरण माझ्याकडून, मराठीतून.
कोणावर कोणाचे राज्य होते, हे आम्ही काढत नाही.

गुरुवारी म्हणी.
आवेलिनाने आल्याआल्या विचारले, टीचर, हा बॉब कोण?
तिच्या भावाला मुकादम म्हणाला होता,
हे बटण दाब, ती दांडी ओढ, की झालं, बॉब तुझा काका.
भावाने दोन दिवस हजेरीच्या यादीत बॉब शोधला.
एक सापडलाही. पोलंडचा होता,
आणि वयाने लहान.

न्यूकॅसलला कोळसा नेणे, मी फळ्यावर लिहिले.
म्हणजे डिचोलीत लाल माती नेणे, दुमिंग म्हणाला.
खाणीवर ट्रक चालवायचा तो.
वर्ग हसला. मग तोच म्हणाला,
आता खाण बंद आहे टीचर, आता नेली तरी खपेल.

पलीकडचे गवत जास्त हिरवे.
याला आपल्याकडे, म्हणत मी खडू टेकवला, दुरून डोंगर सा
आणि खिडकीबाहेर लक्ष गेले.
अर्धा कापून नेलेला डोंगर.
दुरूनही साजरा नव्हता.
मी फळा पुसला आणि सगळ्यांना पाणी प्यायला सोडले.

सगुण गावस मागे बसायचा. कुडचिऱ्याचा.
साबणाचा वास, त्याखाली शेणाचा.
वहीत फक्त उत्तरे लिहायचा, प्रश्न नाहीत.
त्या दिवशी मी सांगत होते:
टिल द काऊज कम होम. गाई घरी येईपर्यंत.
म्हणजे अंत नाही इतका वेळ.
बोलत बसा गाई घरी येईपर्यंत, काही उपयोग नाही, असे.
सगुणने हात वर केला. वर्षात पहिल्यांदा.
टीचर, आमचीं गोरवां साडेस वरांचेर येतात.
म्हण आहे रे ती, मी म्हटले.
हय, पूण येतात, तो म्हणाला,
आणि घड्याळाकडे बघून वही मिटून निघून गेला.
दूध काढायचे होते.

रात्री पेज निवेपर्यंत तेच डोक्यात.
आपल्याकडे त्या वेळेला नाव आहे. गोरज.
खुरांची धूळ खाली बसायच्या आत अक्षता पडतात,
पंचांगात मिनिटे छापलेली असतात.
त्यांच्याकडे तीच वेळ कधी संपतच नाही.
कसल्या असतील तिथल्या गाई?
की कुरणेच एवढी मोठी?

सगुण नोव्हेंबरात गेला. तिन्ही गाई मेणकुऱ्याच्या माणसाला विकून.
डिसेंबरात फोनवर त्याचा आवाज आला, मागे यंत्रांची घरघर.
टीचर, इथे चारलाच काळोख.
आज सुपरवायझर ती म्हण म्हणाला.
मी म्हटले, सिक्स थर्टी, सर.
खूप हसला. बरा आहे माणूस.

जानेवारीत एका कागदावर त्याच्या बायकोची सही हवी होती
म्हणून कुडचिऱ्याला गेले.
सुलक्षाने चहा ठेवला. गोठ्यात लाकडे रचलेली, एक स्कूटर.
सही करता करता ती उठली
आणि कुंपणाचे आडवे बांबू काढून बाजूला ठेवले.
कोणी यायचे आहे का?
कपिली, ती म्हणाली. विकलेली ती.
तिकडून चालत येते रोज.
सकाळी तो माणूस येऊन घेऊन जातो.
आधी भांडायचा. आता माझ्याकडे चहा पितो, मग नेतो.

मी घड्याळ पाहिले. सहा पंचवीस.
सही अर्धीच झालेली, सुलक्षा एवढेच लिहून,
गावस राहिले होते.
आम्ही कप घेऊन बाहेर उभ्या राहिलो,
वळणाकडे तोंड करून.