वहीची मागची बाजू

दुधाच्या हिशोबाची वही मी उलटी धरली
आणि मागून सुरुवात केली.
पुढून लिटर, मागून योजना.
कधीतरी मधल्या पिनांपाशी दोघांची गाठ पडेल,
तेव्हा नवी वही.

सर्टिफिकेटवर मी बावन्न टक्के आहे.
डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, कंबर दाबली,
तक्त्यावरून बोट फिरवलं
आणि मटणवाला तागडीत घालतो-काढतो तसं
जरा घातलं, जरा काढलं :
बावन्न.
उरलेल्या अठ्ठेचाळीसनी मी जिने चढते.

पेन्शन येते. येते म्हणजे
कधी पाच तारखेला, कधी दोन महिन्यांची मिळून,
कधी आलेली असते पण
पासबुक छापायचं यंत्रच बंद असतं.
लाइटबिल, सिलिंडर, कंबरेचा पट्टा, गोळ्या.
पुढचं मी बोटांवर मोजत नाही,
बोटं चांगली आहेत, उगाच का शिणवा.

तर "याशिवाय काही मिळतं का?"
हे वाक्य मी विक्रोळीपासून फोर्टपर्यंत
इतक्या खिडक्यांत ठेवून आले
की आता ते माझ्याआधी जाऊन उभं राहतं.

पान एक. बसचा पास. फोटो दोन, कान दिसले पाहिजेत.
पान दोन. काळबादेवीचा ट्रस्ट, औषधांचे निम्मे पैसे.
मूळ बिल लागतं. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर,
जिना लाकडी, लिफ्ट नाही.
खालून हाक मारावी. जिग्नेश नावाचा पोरगा आहे,
तो उतरतो.
पान चार. वॉर्ड ऑफिस. शिलाई मशीन किंवा घरघंटी.
"किंवा"खाली दोन रेघा.

उत्पन्नाच्या दाखल्याला साहेब म्हणाले,
मावशी, तुमचं उत्पन्न जास्त दिसतंय.
म्हटलं, कुठलं?
म्हणाले, ही पेन्शन.
म्हटलं, ती तर तुम्हीच देता.
म्हणाले, आम्ही नाही, तो विभाग वेगळा.
आणि बोट दाखवलं तिकडे भिंत होती,
भिंतीला पंखा, पंख्याला
गेल्या गणपतीतली पताका.

तिथल्याच बाकावर मोरेश्वर तांडेल.
ट्रॉम्बेचा. सुकी मासळी विकायचा,
आता एक पाय नाही आणि गप्पा दोन माणसांच्या.
म्हणाला, ताई, तुम्ही एक सांगा, मी एक सांगतो.
मी काळबादेवी दिली.
त्याने कानाच्या यंत्राचं शिबिर दिलं.
माझे कान शाबूत,
तरी लिहून घेतलं, पान सात,
व्यवहार म्हणजे व्यवहार.

ते पान सात नसीमच्या सासूला लागू पडलं.
यंत्र बसवून आली ती म्हातारी
आणि जिन्यात पहिल्यांदाच मला म्हणाली,
इंदू, तू किती ओरडून बोलतेस.

मशीनचा अर्ज अजून आत आहे.
प्रतीक्षा यादीत एकशे अठरावी.
मार्चमध्येही एकशे अठरा होते.
पुढचे एकशे सतरा माझ्यासारखेच
हळू चालत असतील, म्हणून सोडून दिलं.

काल दुपारी दार वाजलं.
पंचवीस नंबर बिल्डिंगमधली मुलगी,
मागे तिचा भाऊ, विशीतला,
मान एका बाजूला, हात स्वतःच्या मर्जीने हलणारे.
"तुमच्याकडे माहिती मिळते म्हणाले."
मी वही काढली, चष्मा लावला
आणि माझ्या तोंडून आलं :
आधार आणलंय का?

तो अख्खा आवाज खिडकीतला.
जाळीसकट.

मी वही मिटली.
म्हटलं, बसा आधी. पंखा लावते.
चहा घेतो का हा? बशीतून की कपातून?
"स्ट्रॉने," ती म्हणाली,
आणि पर्समधून तिने ती काढलीही,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

ते गेल्यावर पुढच्या बाजूला लिहिलं :
मंगळवार. दूध अर्धा लिटर जास्त.
मग उलटी धरून, पान अकरा :
स्ट्रॉ. वाकणारी आणावी. घरात असू द्यावी.