ओळ क्रमांक सत्तेचाळीस

दुधगावच्या खालच्या अंगाला,
जिथं आडसाली ऊस माणूस बुडेल एवढा व्हायचा,
तिथं आता सकाळी पांढरं फुटतं.
नवखा विचारतो, दहिवर पडलं का?
मी म्हणते, चाखून बघा.
चाळीस वर्षं पाटानं पाजलं, जमिनीनं मुकाट घेतलं,
आणि पोटातलं सगळं ओठांवर आणून ठेवलं.

इथं माझ्या ओळी आहेत, मारवेलच्या.
प्रत्येक ठोंबाला पत्र्याची पट्टी, पट्टीवर आकडा,
वहीत आकड्यापुढं बहुतेक एकच शब्द:
मेले.

दुसरा वाफा जतला, उमदीच्या रस्त्याला, माळावर.
तिथं मीठ नाही. तिथं काहीच नाही.
दुधगावात जे तगतं ते जतला करपतं,
जतचं चिवट दुधगावात आठवड्यात पिवळं.
मला दोन्ही सोसणारं एक हवंय,
आणि वर ते जनावरानं खायला हवंय.
पाटणेसाहेब म्हणाले, "मग लग्न लावा."

लग्न लावायचं म्हणजे पहाटे चारला
कपाळाला बॅटरी बांधून
तिळाहून बारक्या फुलातून
तीन पुंकेसर चिमट्यानं उचलायचे, श्वास धरून,
कारण श्वासानंही पराग उडतो.
मग परक्याचा पराग, उंटाच्या केसाच्या ब्रशनं,
वर बटर पेपरची टोपी, टाचणी, तारीख.
सात वर्षं लावली असली लग्नं.
पण मारवेल मोठं मानी,
बापाला न विचारता बी धरतं.
पोर निघते थेट आईच:
तेच पान, तेच कांडं, गाठीवर तीच लव.
वऱ्हाड जेवून जातं,
नवरदेवाचा पत्ता नाही.

हे निंगव्वाला सांगितलं, तर खुरपं खाली ठेवून हसली.
तिची अर्धी भाषा कन्नड, अर्धी मराठी,
शिव्या मात्र दोन्हींत पूर्ण.
"शाणं हाय की गवात," म्हणाली,
आणि पुढच्या सोमवारी पोत्यात बांधून
एक ठोंब घेऊन आली.
बोर नदीच्या काठचा,
"मेंढरं पानी सोडून ह्येचा पाला चाटत्यात बघ."

चाटतात?
मी पान जिभेला लावलं.
खारट.
भिंगाखाली पाहिलं तर लवेच्या टोकाटोकाला
मिठाचा कण, सुईच्या अणीएवढा.
आत आलेलं खारं ते आत ठेवतच नव्हतं.
रडून मोकळं होणारी बाई असते ना, तसं.
(हे वहीत लिहिलं नाही. वहीत लिहिलं: क्र. ४७.)

आणि सत्तेचाळीसचं बी रुजलं तेव्हा
मी कुंड्या तीनदा मोजल्या.
एक पोर उंच, एक जमिनीला लोळणारी,
एकीच्या गाठी जांभळ्या,
एक तर अगदीच खुळी, कुणासारखीच नाही.
अहो, बाप होता!
सात वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी कुणाचं तरी ऐकलं होतं.

चारशे बारा पोरी. दुधगावला लावल्या, राहिल्या साठ.
त्या साठ जतला नेल्या,
दोन पावसांमधला ताण बसला चोपन्न दिवसांचा.
राहिल्या नऊ.

वहीत एक रकाना असतो, मूळ स्रोत.
साहेब म्हणाले, अक्षांश-रेखांश टाका.
टाकले. त्याच्या पुढं, जागा कमी होती तरी,
बारीक अक्षरात: निंगव्वा बिराजदार.
तिला वाचून दाखवलं.
तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही.
"नाव ऱ्हाऊ दे," म्हणाली, "खातंय का बघू."

मग तिनं मेंढी आणली, काळ्या तोंडाची, गाभण.
नऊ पेंढ्या मांडल्या, नंबर मागं ठेवून.
मेंढीनं पहिली हुंगली, ओलांडली.
दुसरी हुंगली.
तिसरीवर पाय दिला.
चौथीपाशी थांबली, कान हलवले,
आमच्या दोघींकडं बघितलं
आणि बघतच राहिली.

साहेब घड्याळ लावून बसले.
मी पेनाचं टोपण काढलं.
निंगव्वा म्हणाली, "दम धर. गाभण हाय ती.
घाई केलेली तिला आवडत न्हाई."