बेअरिंग

पंपाच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा,
मूठ कानामागच्या हाडाला लावायची,
की आतलं सगळं ऐकू येतं.
बावीस वर्षं हेच केलं, सोहारच्या पाण्याच्या कारखान्यात.
समुद्र आत, मीठ बाहेर,
मधे माझे अकरा पंप.
कुठलं बेअरिंग महिन्याभरात जाणार,
कुठलं दिवाळीपर्यंत तग धरेल,
मी चहा पिता पिता सांगायचो.

माझं मला कळलं नाही.

कळलं सिस्टर शेर्लीला.
मनगट धरून तिनं आधी घड्याळाकडे पाहिलं,
मग घड्याळ सोडून माझ्याकडे.
एकशे अडतीस असतील, म्हणाली, पण नीट मोजताच येत नाहीयेत.
मला आमच्या गावची गिरणी आठवली.
डिझेलात पाणी शिरलं की धुराडं असंच बोलायचं:
पुक, पुक्पुक,
मग बराच वेळ काहीच नाही,
आणि दळणाचे डबे घेतलेल्या बाया
एकमेकींकडे बघत राहायच्या.

तेव्हापासून दोन गोळ्या.
सकाळची पांढरी, वेग उतरवणारी.
तिनं पहिल्या महिन्यात पायच काढून नेले माझे.
टाकीच्या एकोणचाळीस पायऱ्या;
मी एकविसावीवर बसायचो,
खालून पोरांना वाटायचं, उस्ताद व्हॉल्व्ह बघतायत.
रात्रीची गुलाबी, रक्त पातळ करणारी.
तिच्यापायी दर तीन आठवड्यांनी सुई
आणि कागदावर एक आकडा.
दोन ते तीनमधे आला तर डॉक्टर हसतात.
एकदा दीड आला.
विचारलं, पालेभाजी?
मेथी स्वस्त होती, खोलीवर चार दिवस मेथीच होती.
खाऊ नका असं नाही, म्हणाले, फक्त रोज सारखी खा.
सहा जणांची खोली. ज्याची पाळी त्याची भाजी.
सारखं तिथे फक्त भाडं.

दाढीचा ओरखडा अर्धा तास थांबत नाही.
दाराची कड लागली, तर दंडावर
जांभूळ चिरडल्यागत डाग, दोन आठवडे.
फोनवर सुलभा विचारते, एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्या?
एसी फार आहे गं, मी म्हणतो.
हे मात्र खरंच असतं.

दवाखान्याच्या बाकावर मुराद बलोच भेटतो,
जाळी विणून बोटं वाकडी झालेला.
रमजानात त्याची गोळी सूर्य ठरवतो,
रोज मिनिटभर पुढे.
त्याची नवी जातीची, सुई लागत नाही,
पण दिवसाला रियालच्या वर जातो.
मुलगा भरतो, तो सांगतो, आणि मग
मुलाचं नाव दोनदा घेतो.
माझ्या विम्यात ती बसत नाही.

बेकरीतला पोन्नप्पनही त्याच बाकावरचा.
बरं वाटतंय तर कशाला, म्हणून
आधी गोळी पावाच्या सुरीनं अर्धी केली,
मग अर्धीही सोडली.
एका पहाटे गिऱ्हाईक समोर, भट्टी तापलेली,
आणि पंचवीस वर्षं खुबूस विकणाऱ्याच्या तोंडून
खुबूस हा शब्द निघेना.
खुर्चीवरून विमानात चढवला त्याला.
तोंडाच्या एका बाजूनं तो
आम्हा सगळ्यांकडे बघून हसला.

त्या रात्री ड्यूटीवर मी
स्क्रू ड्रायव्हर छातीला लावला.
कानापर्यंत पोचेना.
लांब दांड्याचा शोधला, तोही नाही.
शेवटी हिलालला बोलावलं,
माझ्या हाताखाली शिकणारा, पुढच्या वर्षी माझ्या जागेवर येणारा.
हसू नकोस, म्हटलं, ऐक.
तो वाकला. डोळे मिटले, मी शिकवलं तसे.
तीन नंबरचा पंप घरघरत होता,
तरी त्यानं घाई केली नाही.

बेअरिंग, उस्ताद, तो म्हणाला.

मी वही पुढे केली. लिही.
आणि त्यानं मुकाट्यानं, मी दर वेळी सांगतो तसं,
तारीख टाकून लिहिलं:
आवाज आहे. बंद करू नये.
वंगण वेळच्या वेळी.
नंबराच्या रकान्यात पेन थांबलं.
बारा, मी म्हटलं,
आणि डब्यातून गुलाबी काढली.