काळीज

मासेही झोपतात हे मला डंडीत येऊन कळलं,
तळघरातल्या अठ्ठावीस अंश पाण्यात.
वर टे नदीवरून वारा येतो
आणि माणसांची वाक्यं अर्ध्यात तोडतो.

बोटाच्या दोन पेरांएवढा मासा,
अंगावर निळ्या रेघा,
मूळचा आपल्याकडच्या भातखाचरांतला.
गुंगी देऊन, छातीशी बारीक छेद घेऊन
मी गोठवलेल्या तारेचं टोक
त्याच्या मोहरीएवढ्या हृदयाला टेकवते.
तेवीस सेकंद. आकडे मनात मराठीतच येतात.
मग टाका नाही, मलम नाही,
परत पाण्यात.
साठ दिवसांनी व्रण शोधायला जावं
तर तिथे नवा स्नायू,
आणि तो कामालाही लागलेला.

बुधवारी रुग्ण येतात प्रयोगशाळा बघायला.
मॉरीन गिलख्रिस्ट, शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं.
बटाटे सोलताना झटका आला,
तर बाई आधी गॅस बंद करून मग खाली बसल्या.
त्यांच्या हृदयाचा एक कोपरा आता नुसतंच ठिगळ:
फाटू देत नाही,
हलतही नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली मी ताटली सरकवली.
कुणाच्या तरी कातडीच्या पेशी,
मागे मागे नेऊन हृदयाच्या केलेल्या.
आधी जो तो आपापल्या नादात,
मग एकमेकींना शिवल्या
आणि सगळ्यांचा एकच ठोका.
मॉरीननी बराच वेळ डोळा काढला नाही.
"हे मला मिळेल?"
"एवढ्यात नाही" असं म्हणायचं असतं,
तसं शिकवलंय आम्हाला.
मी "नाही" म्हणाले.
"बरं," त्या म्हणाल्या, "चहा कुठे मिळतो इथे?"

बसमध्ये आठवलं, माझ्या भाषेत काळीज एकच.
खाटकाकडे मागितलं तर तो यकृत तोलतो,
कुणी कुणाला दिलं तर ते हृदय.
यकृत कापलं तरी वाढतं.
हृदय नाही.
दोघांना एकच शब्द देणाऱ्याला
शरीरशास्त्र येत नसणार.
किंवा त्याने मासा पाहिला असेल.

पुढच्या बुधवारी मॉरीन पुन्हा हजर.
या वेळी मासे बघायचे होते.
काचेवर बोट ठेवून म्हणाल्या,
"यातला दुखणं झालेला कुठला?"
मी टाकीवरची चिठ्ठी वाचली, तारीख वाचली,
वाकून पाहिलं.
एकोणीस मासे, सगळे सारखेच पोहत होते.
मला सांगता येईना.