सहा नंबर

पियानो मिशनच्या शाळेतून आणला,
हातगाडीवर, भर दुपारी, चौघांनी.
उजवा पाय वाळवीनं खाल्लेला,
तिथं दोन विटा.

झाकण उघडून तारांत एकेक खोवत गेले:
मागाचे बोल्ट, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या,
मधल्या सप्तकात एक लाकडी कांडी,
आणि विड्या वळता वळता आईनं दिलेलं
कातरलेलं पान. "बघ, वाजतंय का."
वाजत नाही ते.
शेजारच्या तारेला घुमू देत नाही, एवढंच.

रेवण लॅपटॉप घेऊन भिंतीला टेकला.
मी सूर दाबायचा, त्यानं तो पकडायचा,
चिरायचा, उलटा करायचा,
तीन सेकंदांनी माझ्याकडे परत धाडायचा.
काय येईल ते तुला तरी ठाऊक असतं का रे?
म्हणाला, "साधारण."

कारखान्यातले माग विकून झालेले.
फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोन, तेलकट.
खुर्च्या चाळीस, माणसं सत्तावीस,
नळाची वेळ जवळ आलेली म्हणून
दाराकडच्या आधी भरल्या.

सुरुवातच चुकली.
बोल्ट निसटला,
खण्ण, आणि आतल्या फळीवर गडगडत गेला.
रेवणनं नेमकं तेवढंच उचललं.
खण्ण, गडगड. खण्ण, गडगड.
आखूड होत, दाट होत.
मी डाव्या हातानं त्याच्या फटींत
एक ठोका ठेवत गेले,
किंचित उशिरा, मुद्दाम,
मग मुद्दाम नाही.
पत्र्याखाली घाम पट्ट्यांवर टपटपत होता
आणि कोण कुणाच्या मागून चाललंय
कळेनासं झालं

तेव्हा तिसऱ्या रांगेतले अंबय्या येमूल उठले.
अनवाणीच आले, थेट
एका चौकोनापाशी थांबले,
दांडा असायचा तिथं हात नेला, हवेत,
आणि ओढला.

रेवणनं आवाज तोडला.
माझे हात वरच राहिले.

"सहा नंबरला धागा तुटलाय,"
ते तेलुगूत म्हणाले, कुणालाच नाही.
मग माणसं दिसली त्यांना. ओशाळले.
परत जायचं सोडून पियानोत वाकले,
बराच वेळ बघत राहिले.
"कांडी उलटी घातलीस पोरी."
फिरवली. दोन बोटांनी, तारेला धक्का न लावता.
"हां. चालू कर."

तीच पट्टी दाबली.
निराळंच काही बोलली ती,
घसा खाकरून, खालच्या आवाजात.
रेवणनं भुवई उडवली: घेऊ?

बाहेर कुणी तरी ओरडलं, पाणी आलं,
आणि दाराकडच्या खुर्च्या
फरशीवर खरखरत सरकू लागल्या.

तेही घे, म्हटलं.