शेपटीच्या चाकात

विमान आमचं होतं.
त्यांना फक्त रात्रीपुरतं उसनं द्यायचो,
आणि उसनी वस्तू परत करताना
खरचटलेली बाजू भिंतीकडे ठेवावी
तसे ते सातजण शिडीवरून उतरायचे,
आमच्या नजरेला नजर न देता.

लिंकनशायरचं सपाट रान, मार्च महिना,
बीटच्या शेतातून येणारा कुजकट वास.
मी एकवीस वर्षांची, नखांत कायमचं ग्रीस.
आई पत्रात विचारायची, हातांना काही लावतेस का.

त्या रात्री हुकूम होता, झाडांच्या उंचीने जायचं.
आम्हाला कुणी नकाशा दाखवला नव्हता,
पण पेट्रोल किती भरलं यावरून अंतर कळतं,
आणि पोटाखाली काय टांगलं यावरून बाकीचं.
पार्गेटर, वैमानिक, चोवीस वर्षांचा म्हातारा,
पंखाखालून वाकून गेला, एकदाच मागे वळला.
"एनिड, उजवा ब्रेक जरा ओढतोय."
मी म्हटलं, "बघते उद्या."

उद्या हा शब्द तिथे कुणी काढत नसे.
माझ्या तोंडून निसटला.

चंद्र होता. तोच त्यांचा दिवा, तोच वैरी.

पुढचं मला त्काचुकने सांगितलं,
शेपटीच्या काचेत पाठमोरा बसणाऱ्या,
सस्कॅचवनच्या गव्हातून आलेल्या पोराने.
त्याला कुठलीच गोष्ट येताना दिसत नसे,
घडून गेल्यावर दिसायची.
आधी पोटात खड्डा, मग पूल.
आधी कानात कुणाची तरी शिवी, मग विजेच्या तारा,
तुटून लोंबणाऱ्या, निळ्या ठिणग्या ओकणाऱ्या.
खोऱ्यात ते इतके खाली होते
की टेकडीवरच्या एका घराचं दार उघडलं
आणि एका बाईने कंदील धरून
त्यांच्याकडे वाकून पाहिलं.
"वाकून, एनिड," तो म्हणाला. "वर नाही, खाली.
विहिरीत पाहतात तसं."

मग कालव्याचा बांध. एमरिस आकडे मोजत होता
वेल्शमध्ये, कारण घाबरला की त्याची इंग्रजी आटायची.
मग उजेड. मग बराच वेळ काहीच नाही.
मग पाणी, चांदण्यात पांढरं,
बाजार उठल्यावर माणसं निघतात तसं सावकाश,
आणि नंतर सावकाश नाही.
टेकडी कोरडी राहिली असेल, तो म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.

अठरा गेली होती. अकरा आली.
शेजारच्या रिकाम्या जागेवर तीन मेकॅनिक
चाकाखालचे ठोकळे धरून सकाळी दहापर्यंत उभे,
गुरू न आलेल्या गोठ्यात
दावं हातात घेऊन उभं राहावं तसे.

आमचं आलं.
पोटावर हिरवा लांबलचक ओरखडा,
आणि शेपटीच्या चाकात
विलोच्या डहाळ्या, तारेचं वेटोळं,
कपडे वाळत घालायची दोरी, हातभर.
दोरीला एक लाकडी चिमटा,
चिमट्यात कापडाची किनार, दोन बोटं रुंद,
अजून दमट.
झबल्याची असेल, किंवा उशीच्या अभ्र्याची.
मी अभ्रा म्हणायचं ठरवलं.

फॉर्मवर लिहिलं: मागचं चाक, गवत, साफ केलं.
ब्रेक, उजवा, दुरुस्त.

दुपारी पार्गेटर आला, दाढी न केलेला.
"चाकात काही होतं?"
"गवत."
माझ्या खिशाकडे त्याने पाहिलं की नाही, सांगता येणार नाही.
"हं," म्हणाला, "गवतच लागलं असणार,"
आणि बराच वेळ टायरवर हात ठेवून उभा राहिला,
जसा तापाने फणफणलेल्या कपाळावर.

एप्रिलमध्ये विमान परत मिळालं नाही.
मीही ठोकळे धरून उभी राहिले, दहापर्यंत, मग साडेदहा.
ब्रेक मी नीट केला होता.

आता हलमध्ये राहते, मागच्या अंगणात दोरी आहे.
चिमट्यांच्या टोपलीत तो बाकीच्यांसारखाच दिसतो,
लाकूड सगळ्यांचंच करडं झालंय.
किनार कधी गळून पडली, कळलं नाही.
नक्की कोणता, हे मला हल्ली ओळखता येत नाही,
म्हणून एकही फेकत नाही.