बासष्ट सतरा

द्रोणागिरीच्या गोदामात खोकं फोडलं
तर आत नुसत्या कॉलरी.
बारा हजार. मान एकीलाही नाही.

घरतबाईंनी भिंग काढलं,
कडेचा धागा उसवला:
फंदे निघाले तर एकसष्ट,
उभे-आडवे निघाले तर बासष्ट.
उभे-आडवे निघाले.

एजंट म्हणाला, मॅडम, कापडच धरा ना.
कापडाला घडी असते, त्या म्हणाल्या,
हिला वळण आहे.
कुणाच्या तरी गळ्याचं माप घेऊन कापलीय.
आणि शेरा लिहिला: कपड्याचा भाग.
कुठल्या कपड्याचा,
त्याला रकाना नव्हता.

डबा खाताना सांगत होत्या,
आमचं मिठागर इथंच कुठंतरी,
आता जिथं ट्रेलर वळतात तिथं.
बाबांचा सदरा मिठानं कडक व्हायचा,
आधी मानेशी विरायचा.
आई कॉलर उसवायची,
उलटी करून परत शिवायची,
की दोन वर्षं निघायची.
मध्ये एखादी रात्र
ती तशीच पडून असायची,
आईच्या मांडीवर, सदऱ्यावाचून.

ती तेव्हा कशात मोडायची,
असं कुणी विचारलं नाही.
त्या हात धुऊन आल्या.
पुढचं खोकं: बाह्या.
सगळ्या डाव्या.